गिरणीने रोग दिला का? वसाहतींतल्या भातगिरण्या, बेरीबेरी आणि आपला उकडा तांदूळ

तुम्ही विचारलंत: ‘डच आणि इंग्रज वसाहतींत वाफेच्या भातगिरण्या आल्या, तांदूळ पांढराशुभ्र झाला आणि बेरीबेरीने माणसं मेली, असं वाचलं. मी मुंबईची नोकरी सोडून कुडाळजवळ गावात छोटी गिरण टाकायच्या विचारात आहे. जुना हलर स्वस्तात मिळतोय. घरचे म्हणतात, हातसडीचा तोच खरा तांदूळ, गिरणीचं म्हणजे विष. मग आपल्याकडे इतकी वर्षं गिरणी चालल्या, लोकांना बेरीबेरी का नाही झाला? आणि हा धंदा मी करावा का?’

मी ३४ वर्षं सिंधुदुर्गात भात भरडतोय. त्याआधी वडील भरडत होते, त्यामुळे हलरच्या आवाजातच वाढलो असं म्हणायला हरकत नाही. या प्रश्नाने मलाही एके काळी झोपू दिलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. ‘गिरण चांगली की वाईट’ असं विचारलं की उत्तर मिळत नाही. विचारायचं ते असं: दाण्यावरून किती काढलं? काढण्याआधी दाण्याचं काय केलं? आणि तो तांदूळ खाणाऱ्याच्या ताटात तांदळाखेरीज काय होतं? वसाहतींत जे घडलं ते या तिन्हींची उत्तरं एकाच वेळी वाईट आली म्हणून घडलं. आपल्याकडे ती तशी आली नाहीत. तुमच्या गिरणीत ती कशी येतील, यातलं निम्मं तुमच्या हातात आहे.

भाताचा एक दाणा घ्या आणि नखाने सोला. वरचं टरफल निघतं ते तूस. शंभर किलो भातात साधारण वीस ते बावीस किलो तूसच असतं. खाली जो दाणा दिसतो तो पांढरा नसतो. बेळा किंवा वालय असेल तर लाल, जया असेल तर मातकट. त्या रंगाचा पातळ थर म्हणजे कोंडा, आणि दाण्याच्या एका टोकाला खालच्या बाजूला बारीकसा कोंब. कोंडा आणि कोंब मिळून दाण्याच्या आठ-दहा टक्के भरतील, पण दाण्यातलं तेल आणि ब-१ जीवनसत्त्व बहुतेक सगळं तिथेच असतं. आत उरतो तो पिठूळ भाग, म्हणजे पोट भरणारा पण जवळजवळ नुसता स्टार्च. पॉलिश म्हणजे हा कोंडा आणि कोंब घासून काढणं. जितका पांढरा, तितका रिकामा.

आता जावाची हकिकत. डचांच्या ताब्यातल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, सैनिक आणि कैदी बेरीबेरीने पडत होते. पायांना मुंग्या, मग बधिरपणा, मग चालता येईना. काहींच्या अंगाला सूज येऊन हृदय थांबे. डच सरकारने १८८६ साली तपासासाठी डॉक्टर पाठवले. त्यांच्यातलाच ख्रिस्तियान आयकमन मागे राहिला. सगळ्यांना वाटत होतं हा जंतूंचा रोग. आयकमनच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही एकदा तसाच रोग झाला, त्यांचे पाय लुळे पडले. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पांढरा भात घातला जात होता. मग नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायचा नाही असं त्याने ठरवलं, त्यांना पुन्हा साधा, न घासलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

कोंबड्यांवरून माणसांबद्दल बोलता येत नाही, हे आयकमनलाही ठाऊक होतं. तुरुंगांचं आरोग्य पाहणारा फोर्डरमन नावाचा एक अधिकारी त्याच्या ओळखीचा होता. त्याने जावा आणि मदुरा बेटांवरचे १०१ तुरुंग तपासले, सुमारे २,८०,००० कैद्यांचा हिशेब. तांदळाचे नमुने हातात घेऊन दाण्यावर ती पातळ साल किती उरली आहे ते पाहिलं. साल बऱ्यापैकी शाबूत असलेला तांदूळ ३७ तुरुंगांत होता, त्यांपैकी फक्त एकात बेरीबेरी. पॉलिशचा तांदूळ ५१ तुरुंगांत, त्यांपैकी ३६ मध्ये बेरीबेरी. दोन्हींची मिसळ असलेले १३, त्यांतल्या ६ मध्ये. हे आकडे १८९७ च्या सुमाराचे आहेत. गिरणीवाला म्हणून मला त्यांच्यापुढे आजही गप्प बसायला होतं, कारण फोर्डरमनने जे केलं तेच मी रोज करतो. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन कोंडा किती उरला ते बघतो. फरक इतकाच, की मी ते भाव ठरवायला करत होतो.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. जावाच्या खेड्यातली बाई घरी लाकडाच्या उखळात, ज्याला तिकडे लेसुंग म्हणतात, मुसळाने तांदूळ कांडत होती. आपल्या वायनासारखंच. तिच्या तांदळावर साल राहत होती. रोग साचत होता तो तुरुंग, बराकी, इस्पितळं अशा ठिकाणी. म्हणजे जिथे तांदूळ दुसऱ्याने निवडला, दुसऱ्याने विकत घेतला आणि ताटात त्याच्याशिवाय फारसं काही नव्हतं तिथे. आयकमनला १९२९ साली नोबेल मिळालं, पण त्याची स्वतःची पहिली समजूत चुकीची होती. त्याला वाटलं की पांढऱ्या तांदळात काही विष आहे आणि सालीत त्याचा उतारा. त्याच्या जागी आलेल्या ग्राइन्सने १९०१ साली बरोबर सांगितलं: विष नाही, काहीतरी कमी पडतंय. तुमच्या घरचे ‘विष’ म्हणतात ना, ती समजूत सव्वाशे वर्षांपूर्वीच मागे पडली आहे. तांदळाने कुणाला काही केलं नाही. त्याच्यातून काढून घेतलं, तेच आपल्याला लागत होतं.

‘आपल्याकडे बेरीबेरी का नाही झाला’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात सापडतं, आणि ते आपल्या फार जवळचं आहे. इंग्रजांच्या मलायात कथलाच्या खाणींत चिनी मजूर होते आणि मळ्यांवर दक्षिणेतले तमिळ. दोघेही तांदूळच खात. चिनी मजूर बेरीबेरीने पडत, तमिळ नाही. ब्रॅडन नावाच्या डॉक्टरने हे हेरलं. चिनी मजुरांचा तांदूळ सुरय, म्हणजे न उकडता गिरणीत पांढरा केलेला. तमिळ लोकांचा उकडा, म्हणजे भरडण्याआधी तुसासकट उकडलेला. १९०५ साली क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात फ्लेचर नावाच्या डॉक्टरने रुग्णांना ओळीने नंबर दिले. एकाआड एक असे दोन गट केले, एकाला सुरय, दुसऱ्याला उकडा, बाकी जेवण सारखं. वर्षाअखेर सुरय खाणाऱ्या गटातले १८ जण बेरीबेरीने गेले. उकड्याच्या गटात बेरीबेरीने एकही मृत्यू नाही. मग फ्रेझर आणि स्टॅन्टन या दोघा डॉक्टरांनी आडरानात रस्त्याच्या कामावरच्या जावानी मजुरांवर तीच परीक्षा घेतली. सुरय तांदळावरच्या मजुरांत साधारण तीन महिन्यांत रोग दिसू लागला, उकड्यावर आणल्यावर थांबला. (माणसांवर असं करून बघणं आज कुणी करू देणार नाही, आणि त्या मजुरांना कुणी विचारलंही नसावं. हे वाचताना माझ्या मनात नेहमी येतं.)

आता लक्ष द्या, कारण इथे माझं काम सुरू होतं. दोन्ही तांदूळ गिरणीतलेच होते, दोन्हींवरून कोंडा काढलेलाच होता. मग उकड्याने वाचवलं कसं?

आमच्याकडे उकडा कसा होतो ते तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. भात रात्रभर पाण्यात. सकाळी मोठ्या तपेल्यात घालून खाली जाळ. दाण्याचं तूस टोकाला उकलायला लागलं की उतरवायचं आणि खळ्यात पसरायचं. आधी थोडं उन्हात, मग सावलीत. भिजताना आणि उकडताना होतं काय, की ब-१ पाण्यात विरघळणारं असल्यामुळे ते कोंड्यातून आणि कोंबातून पाण्याबरोबर आत, दाण्याच्या पोटात जातं. वर उष्णतेने स्टार्च शिजून चिकटतो आणि त्याला आतच कोंडून ठेवतो. नंतर तुम्ही कोंडा घासून काढलात तरी बराच भाग दाण्यात उरलेला असतो. सुरय तांदूळ तितकाच घासला तर त्यातलं बहुतेक सगळं कोंड्याच्या पोत्यात जातं आणि म्हशीच्या पोटात.

उकडण्याचे आणखी दोन फायदे गिरणीत दिसतात. दाण्यातल्या चिरा बुजतात, त्यामुळे कणी कमी पडते. माझ्या गिरणीत चांगल्या उकड्या भाताचे शंभर किलोला ६८ किलोपर्यंत तांदूळ निघतात. त्याच शेतातलं भात सुरय भरडलं तर ६३–६४ आणि त्यात कणी बरीच. शिवाय तूस आधीच उकललेलं असतं, त्यामुळे ते सुटायला सोपं जातं. मला वाटतं, आपल्या आज्यापणज्यांनी उकडा धरला तो मुख्यतः या कारणासाठी, कारण वायनात मुसळाने कांडायचं होतं. ब-१ ची त्यांना कल्पना असणं शक्यच नव्हतं. पण हात वाचवायला जे केलं त्याने पायही वाचले.

हा फरक आपल्या देशातच सर्वांत स्पष्ट दिसला. मॅक्कॅरिसन आणि नॉरिस या संशोधकांनी १९२४ साली दाखवून दिलं की मद्रास इलाख्यात बेरीबेरी मुख्यतः उत्तरेच्या किनारी तेलुगू भागात, जिथे लोक गिरणीचा सुरय तांदूळ खात, तिथे आहे. उकडा खाणाऱ्या दक्षिणेत तो जवळजवळ नाही. एकच इलाखा, एकच राज्यकर्ते, गिरण्याही तशाच. मध्ये फक्त एक उकळी.

मग तुम्ही विचाराल, पांढरा करण्याचा एवढा अट्टाहास होता कशासाठी? त्यासाठी ब्रह्मदेशाकडे पाहावं लागतं, कारण जगाला तांदूळ पुरवण्याची गिरणी तिथेच बसवली गेली.

इंग्रजांनी १८५२ साली खालचा ब्रह्मदेश घेतला तेव्हा इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात बरीचशी दलदल आणि जंगल होतं. शेती सात-आठ लाख एकरांची. १९३० च्या दशकापर्यंत ती ८५ लाख एकरांच्या वर गेली आणि वर्षाला सुमारे ३० लाख टन तांदूळ बाहेर जाऊ लागला. (त्या देशाचा शेवटचा राजा थिबा मात्र आपल्या रत्नागिरीत कैदेत होता, १८८६ पासून १९१६ मध्ये वारला तोपर्यंत.) सुरुवातीला हा तांदूळ शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायचा. प्रवास महिनोन्‌महिने. तेव्हा पूर्ण सडलेला तांदूळ पाठवतच नव्हते. तूस काढलेला पण पॉलिश न केलेला तांदूळ आणि त्यात साधारण पाचवा हिस्सा सालीसकट भात, अशी मिसळ जायची. तिला ‘कार्गो राइस’ म्हणत. लंडन, लिव्हरपूल, ब्रेमेनच्या गिरण्यांत तिचं पॉलिश होई. १८६९ साली सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आठवड्यांवर आला. मग रंगूनमध्येच, पझुनडाऊंगच्या खाडीकाठी, वाफेच्या मोठमोठ्या गिरण्या पूर्ण पांढरा तांदूळ काढू लागल्या. बॉयलरला जळण म्हणून तूसच. चक्कीच्या दगडात तूस काढायचं, मग एमरी, म्हणजे खरखरीत दगडी पूड, लावलेल्या उलट्या शंकूवर घासायचं, आणि शेवटी चकाकी यावी म्हणून मेंढीच्या कातड्याच्या पॉलिशरमधून फिरवायचं. कातडं! दाण्याला चकाकी आणण्यासाठी.

पॉलिशमागे सगळी हौस नव्हती, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो, कारण मी स्वतः त्यात फसलो आहे. कोंड्यात तेल असतं. तूस काढलं की कोंड्यातलं तेल आणि ते फोडणारा पाचक रस यांची गाठ पडते आणि तेल खवट व्हायला लागतं. गिरण घेतल्यावर तिसऱ्या वर्षी मी जूनमध्ये आठ पोती सुरय तांदूळ अर्धवट सडून ठेवला. लोकांना ‘पौष्टिक’ म्हणून द्यायचा विचार होता. जुलैच्या मध्याला पोतं उघडलं तर जुन्या खोबरेल तेलाचा वास आला आणि टोके झाले होते ते वेगळंच. सगळा माल कोंबड्यांना घालावा लागला. तेव्हा कळलं की दमट हवेच्या बंदरातला व्यापारी कोंडा का काढून टाकतो. पांढरा तांदूळ टिकतो. जिथे पिकवणारा एकीकडे, भरडणारा दुसरीकडे आणि खाणारा समुद्रापलीकडे, तिथे टिकणं हाच मोठा गुण ठरतो. पुढे टिकाऊपणाची जागा दिसण्याने घेतली. भाव पांढरेपणावर आणि अखंड दाण्यावर लागू लागला. शेतकऱ्याला, चेट्टी सावकाराला, गिरणीवाल्याला, जहाजवाल्याला, कुणालाच तो तांदूळ खाणाऱ्या खाणमजुराचा चेहरा दिसत नव्हता. माझ्या मते वसाहतीच्या तांदळातला खरा दोष हा होता. यंत्राचा दोष त्याच्या खूप नंतर येतो.

उकड्या तांदळाला हा त्रास कमी, कारण उकळीने तो पाचक रस मरतो. म्हणून आपल्याकडची उकड्याची लाल साल पावसाळ्यातही बऱ्यापैकी तग धरते.

आता कोकणाचं. आपल्याकडे बेरीबेरी का नाही, याचं एकच कारण सांगणं मला पटत नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात रोजचा तांदूळ उकडा, हे मोठं कारण. पण भाकरी नाचणीची, कुळथाची पिठी, सुकी मासळी हीही कारणं आहेत. पेज हे आणखी एक. ब-१ पाण्यात उतरतं, म्हणून तांदूळ धुऊन धुऊन पाणी टाकलं, शिजवून वेळला आणि निवळ ओतून दिली तर उरलंसुरलंही जातं. आपण पेजेचं पाणी पितो, निवळीत मीठ घालून पितो. माझी आजी म्हणे, ‘निवळ टाकू नये, त्यात ताकद असते.’ शब्दशः खरं होतं ते. फक्त तुमच्या गावात आज काय खाल्लं जातं ते तुम्ही बघायला हवं. नाचणी गेली, पेज गेली, दुकानातला दोनदा पॉलिश केलेला सुरय आला, असं घर असेल तर ‘कोकणात हा रोग नसतो’ या भरवशावर राहू नका. पोळी, डाळ, भाजी, मासे असलेल्या ताटात पांढऱ्या तांदळाने कुणाला बेरीबेरी होत नाही, हेही तितकंच खरं. दारूवर जगणारा माणूस आणि नुसत्या भातावरची गरोदर बाई, यांची काळजी मला वाटते.

हातसडीबद्दल घरचे जे म्हणतात ते तांदळापुरतं बरोबर आहे. १९३४ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. हातसडीचा तांदूळ हा त्याच्या कामातला एक मोठा मुद्दा होता, आणि त्यामागे हेच पोषणाचं शास्त्र होतं. पण मी माझ्या आईला पहाटे चारला वायनावर पाहिलंय. दोन्ही तळहातांवर मुसळाने पडलेले घट्टे मरेपर्यंत गेले नाहीत. गावात पहिली गिरण आली तेव्हा बायका डोक्यावर भात घेऊन दोन कोस चालत आल्या होत्या, असं वडील सांगत. त्या मूर्ख नव्हत्या. त्यांना गिरण हवी होती. फक्त गिरणवाल्याने हात किती दाबायचा, हे त्यांच्या हातात नव्हतं.

हा हात दाबण्याचा मुद्दा तुमच्या हलरकडे नेतो. तुम्हाला मिळतोय तो बहुधा एंगलबर्ग पद्धतीचा हलर असेल. ब्राझीलमधल्या एंगलबर्ग नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेली रचना, कॉफीसाठी आणि भातासाठी. पुढे ती सगळ्या उष्ण देशांत पसरली. जाळीच्या नळकांड्यात खाचांचा लोखंडी रूळ फिरतो, बाजूला एक पातं असतं. ते पातं आत सरकवलं आणि तोंडावरचं वजन वाढवलं की भात आत जास्त वेळ दाबला जातो. तूस आणि कोंडा एकाच दमात निघतो, एकत्रच खाली पडतो. इथेच दोन तोटे. एक, सुरय भात यात फार तुटतं. शंभराला ६० किलो हातात आले तरी नशीब समजा. दुसरं, तूस पूर्ण जाईपर्यंत दाबावं लागतं, त्यामुळे कोंडा किती ठेवायचा हे तुम्हाला ठरवताच येत नाही. कोंड्यात तूस मिसळल्यामुळे गुरांच्या खाद्यालाही त्याला भाव कमी.

म्हणून माझा सल्ला असा. हलर मिळतोय म्हणून घेऊ नका. रबर रोलचा शेलर आणि वेगळा पॉलिशर, असा छोटा संच घ्या. महाग पडेल, कर्ज काढावं लागेल. पण शेलरमध्ये फक्त तूस निघतं, लाल दाणा अखंड बाहेर येतो. मग पॉलिश करायचं की नाही, एक फेरा की दोन, हे गिऱ्हाइकाला विचारून ठरवता येतं. कोंडा शुद्ध मिळतो, तो विकून विजेचं बिल निघतं. गाव फक्त उकडाच भरडणारं असेल आणि भांडवल खरंच नसेल, तर हलरवर सुरुवात करायला माझी हरकत नाही. उकड्या दाण्याला हलरचा मार सोसतो. पण सुरयसाठी हलर चालवू नका. परवान्याचं म्हणाल तर १९५८ चा गिरणी नियमन कायदा १९९७ साली रद्द झाला. आता अन्नसुरक्षेची नोंदणी आणि ग्रामपंचायत, वीजजोडणी एवढं बघा.

भात घेताना पोत्यात हात कोपरापर्यंत घाला आणि मधला दाणा काढून दाताखाली धरा. कट्‌ करून तुटला तर वाळलंय. दबला, चपटा झाला तर परत पाठवा, दोन उन्हं देऊन आणा म्हणावं. ओलं भात भरडून गिऱ्हाईक खूष होत नाही, आठ दिवसांत बुरशीचा वास घेऊन परत येतं. उकड्याचा दाणा मधोमध तोडून उजेडात धरा. आरपार काचेसारखा दिसला तर उकळी आतपर्यंत पोचलीय. मध्ये पांढरं पोट दिसलं तर उकडणं कच्चं राहिलंय. तिथे दाणा तुटणार, आणि ब-१ ही पुरतं आत गेलेलं नसणार. आणि तीन दिवस भिजत ठेवून आंबट वास येणारं भात घेऊ नका. भिजवायचं पाणी रोज बदललं नाही की तो वास तांदळाला कायमचा लागतो.

पॉलिश किती ठेवायचं? मी सुरयला एक हलका फेरा देतो, कोंडा निम्मा-अर्धा राहील इतकाच. भरडलेला तांदूळ तळहातांवर चोळला तर हाताला किंचित पिठूळ, तेलकट लागलं पाहिजे. असा तांदूळ पंधरा दिवसांच्या वर साठवू नका आणि गिऱ्हाइकालाही तसं स्पष्ट सांगा: जेवढं लागेल तेवढंच भात आणा, बाकी कणगीत राहू दे. भात तुसात असेपर्यंत टिकतं, तूस ही त्याची सगळ्यांत चांगली पिशवी. वसाहतीच्या व्यापाऱ्याला हे जमणारं नव्हतं, त्याचं गिऱ्हाईक जहाजापलीकडे होतं. तुमचं गिऱ्हाईक चालत येऊन पंधरा दिवसांनी परत येणार आहे.

पांढऱ्याची मागणी येईलच. लग्नकार्याला, हॉटेलला, वसतिगृहाला. लग्नाला द्या, एक दिवसाचं जेवण आहे. वसतिगृहाला देताना थांबून विचारा. साताठ वर्षांपूर्वी एका निवासी शाळेसाठी ठेकेदार माझ्याकडे आला होता, ‘दोन फेरे जास्त मार, पांढरा दिसला पाहिजे, पास होतो’ म्हणून. पोरांना दोन्ही वेळा भात आणि पातळ आमटी, हे मला माहीत होतं. फोर्डरमनचे तुरुंग डोळ्यांपुढे आले. मी उकडा देऊ केला, त्याच भावात. त्याने दुसरीकडून घेतला. तो पैसा गेला, आणि मी त्याला अडवू शकलो नाही, याची हळहळ आजही आहे.

गावात मात्र ऐकतात, थोडा वेळ द्यावा लागतो. सुरुवातीला मीही पात्याचा स्क्रू दाबून पांढरा काढायचो, लोक खूष होतात म्हणून. एकदा शेजारच्या वाडीतली एक म्हातारी आठवड्याने परत आली, पदरात मूठभर तांदूळ बांधून. तो माझ्यापुढे टेबलावर सोडला आणि म्हणाली, ‘पेजेक चव नाय रे झिला. तांदळाचो जीव खय गेलो?’ मी तिला खालचं कोंड्याचं पोतं दाखवलं. तिने त्यातला चिमूटभर तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाली, ‘ह्या माका होया.’ त्या दिवशी स्क्रू दीड फेरा मागे घेतला, तो आजपर्यंत तिथेच आहे.

तुमचं भात कुठल्या जातीचं, गाव उकडा खातं की सुरय, आणि हंगामात किती खंडी येईल, एवढं कळवा. संच केवढा घ्यावा ते त्यावरून सांगतो.